लक्ष्मी विलास राजवाडा आणि फतेसिंह संग्रहालय, बडोदा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून बडोद्याला येणारी मंडळी राजवाडा बघायला निघण्याआधी जे विचारतात, त्याची ही उत्तरं. काही प्रश्नांना दोन ओळी पुरल्या, काहींवर बोलावं तितकं थोडं. तिकिटाचे दर दर काही महिन्यांनी बदलतात, म्हणून आकडा दिलेला नाही.

राजवाडा आणि संग्रहालय एकच का?

आवार एक, इमारती दोन, तिकिटंही दोन. लक्ष्मी विलास हा राजवाडा. त्याच आवारात मोतीबागेच्या बाजूला एक जुनी शाळा आहे, राजघराण्यातल्या मुलांसाठी बांधलेली. त्या शाळेच्या इमारतीत १९६१ साली फतेसिंहराव गायकवाडांनी घराण्याचा चित्र-शिल्पसंग्रह लोकांसाठी खुला केला. तेच महाराजा फतेसिंह संग्रहालय. राजवाड्याचं तिकीट काढून संग्रहालयाच्या दारात हुज्जत घालणारे पाहुणे नेहमी दिसतात. ती वेळ आणू नका, दोन्ही तिकिटं लागतात हे धरूनच या.

फतेसिंहराव म्हणजे हा राजवाडा बांधवून घेणाऱ्या महाराजा सयाजीराव (तिसरे) यांचे पणतू. क्रिकेटवाले त्यांना भारतीय क्रिकेट मंडळाचे माजी अध्यक्ष म्हणून ओळखतात.

तिथे अजून कुणी राहतं का?

हो. गायकवाड कुटुंब आजही राजवाड्यात राहतं. म्हणूनच तुम्हाला राजवाड्याचा ठरावीक भागच दाखवतात. ‘एवढे पैसे घेतले आणि चारच दालनं दाखवली’ ही तक्रार आम्ही बडोदेकर कायम ऐकतो. अहो, लोकांच्या राहत्या घरात आपण पाहुणे म्हणून गेलोय. शयनगृह कोण दाखवील?

वेळ काय? सुट्टी कधी?

सोमवारी बंद. बाकी दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला उघडतं आणि पाचच्या आसपास आवरतं. मोठं लग्न किंवा कार्यक्रम असला की काही भाग बंद ठेवतात, तेव्हा निघण्याआधी फोन करून विचारलेलं बरं. स्टेशनवरून रिक्षाने येणार असाल तर ‘राजमहाल रोड’ किंवा नुसतं ‘पॅलेस’ म्हटलं तरी रिक्षावाल्याला कळतं.

किती वेळ काढावा? आधी काय बघावं?

इथे आमचं मत बहुतेक गाईडांच्या उलट आहे. ते तुम्हाला आधी राजवाड्यात नेतात, तिथे दोन तास जातात, मग पोटात कावळे ओरडायला लागतात आणि संग्रहालयाची पंधरा मिनिटांत बोळवण होते. कित्येक जण तर संग्रहालय सोडूनच देतात. उलटं करा. सकाळी उघडल्या उघडल्या संग्रहालयात जा. गर्दी नसते, डोळे ताजे असतात आणि चित्रांसमोर उभं राहायला कुणाचा धक्का लागत नाही. राजवाडा भव्य आहे, तो थकलेल्या डोळ्यांनाही दिसतो. चित्रांचं तसं नाही.

संग्रहालयाला दीड तास आणि राजवाड्याला दोन तास धरा. आवारात रेंगाळायचं असेल तर अर्धा दिवस सहज जातो.

रविवर्म्याची चित्रं इथेच आहेत ना?

इथेच. राजा रविवर्म्याच्या मूळ तैलचित्रांचा एवढा मोठा साठा फार थोड्या ठिकाणी एकत्र बघायला मिळतो. आमच्या मते संग्रहालयात जायचं पहिलं कारण हेच.

त्यामागची गोष्ट माहीत असेल तर चित्रं वेगळी दिसतात. १८७५ नंतर बडोद्याचे दिवाण होते सर टी. माधवराव, तंजावरच्या मराठी घराण्यातले. त्याआधी ते त्रावणकोरचे दिवाण होते, त्यामुळे रविवर्मा त्यांना ठाऊक होता. १८८१ च्या अखेरीला सयाजीरावांना राज्याधिकार मिळाले, त्या सुमारास रविवर्मा भाऊ राजवर्म्यासह बडोद्याला आला आणि त्याने राजघराण्याची चित्रं काढली. पुढे १८८८ च्या सुमाराला सयाजीरावांनी नव्या राजवाड्यासाठी त्याच्याकडून चौदा पौराणिक चित्रं मागवली. महाभारत-रामायणातले प्रसंग रंगवायचे, तर सीतेने, दमयंतीने नेसायचं काय? प्रत्येक प्रांताचा पोशाख निराळा. दोघे भाऊ वेशभूषा बघत उत्तरेकडे हिंडून आले आणि शेवटी साडीवर येऊन थांबले. आपल्या घरच्या देवघरात लक्ष्मी-सरस्वती साडीत दिसतात, त्यात या चित्रकाराचा वाटा फार मोठा.

संग्रहातली नल-दमयंती, शंतनू-मत्स्यगंधा, अर्जुन-सुभद्रा, विश्वामित्र-मेनका, कीचक-सैरंध्री, कंस-माया ही चित्रं शोधून बघा. यातली बहुतेक आपण कॅलेंडरवर, आजीच्या खोलीतल्या तसबिरीत कधी ना कधी पाहिलेली असतात. ती छापील होती. इथे रंगाचा थर दिसतो. जरीच्या काठावर उजेड कुठून पडलाय, मोत्याच्या एकेका दाण्यावर पांढऱ्याचा ठिपका कसा दिलाय, हे दोन पावलं पुढे जाऊन बघा आणि मग चार पावलं मागे सरका. कीचकाच्या चित्रात सैरंध्रीचा अंग चोरलेला पवित्रा लांबून जास्त बोलतो. साड्यांकडेही लक्ष असू द्या. अनेक ठिकाणी नेसणं आपल्याकडच्या नऊवारीचं आहे, आणि ते आपल्या बायकांच्या नजरेतून सुटत नाही.

छापील प्रतींची कथाही आपल्या वाटेवरचीच. चित्रांच्या रंगीत प्रती छापून लोकांपर्यंत न्याव्यात असं माधवरावांनी रविवर्म्याला सुचवलं होतं. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू झाला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. कार्ल्याच्या लेण्यांना जाताना लागतं, तेच मळवली.

रविवर्म्याखेरीज संग्रहालयात काय आहे?

युरोपातल्या जुन्या चित्रकारांच्या कामाच्या प्रती, संगमरवरी आणि ब्राँझची शिल्पं, चिनी-जपानी वस्तू. सयाजीराव परदेशात खूप हिंडले आणि हिंडताना डोळसपणे वस्तू घेत गेले. प्रतींना लोक नाकं मुरडतात, ‘ओरिजिनल नाही’ म्हणून पुढे सरकतात. पण त्या काळी बडोद्यातल्या माणसाला राफाएल किंवा टिशन कसा रंगवायचा हे कळायचं, तर याच वाटेने. फेलिची या इटालियन शिल्पकाराचं काम मात्र अस्सल आहे. तो बडोद्यात येऊन राहिला होता. त्याची शिल्पं राजवाड्यातही भेटतात, तेव्हा नाव लक्षात ठेवा.

राजवाड्यात नेमकं काय दाखवतात?

शस्त्रागार, गादीचं दालन, दरबार हॉल, आतले चौक आणि त्यांतली शिल्पं. तिकिटाबरोबर कानाला लावायचा ऑडिओ गाईड मिळतो. क्रमांक बघून बटण दाबायचं आणि आपल्या गतीने चालायचं. तो जरूर ऐका, निदान शस्त्रागारात तरी. तलवारींच्या रांगेत कुठली कशासाठी हे नुसतं बघून कळत नाही.

गादीच्या दालनात बरेच जण निराश होतात. सोन्याचं सिंहासन असेल, सिंहाची तोंडं असतील अशी अपेक्षा असते. बडोद्याचा राजा गादीवर बसतो. तक्क्या, लोड, बैठक. ती साधी वाटते, पण बडोद्याचा राज्याभिषेक म्हणजे त्या गादीवर बसणं. तिथे जरा थांबा.

दरबार हॉलमध्ये कुणीही निराश होत नाही. एवढ्या मोठ्या जागेत मधे एकही खांब नाही. पायाखालची मोझेकची फरशी घालायला व्हेनिसकडचे कारागीर आणले होते. खिडक्यांना बेल्जियमच्या रंगीत काचा आहेत आणि त्यांवर आपल्या देवदेवता. दुपारच्या आधी ऊन चढलं की हे रंग जमिनीवर उतरतात. वर नजर टाका, जाळीदार सज्जे दिसतील. राणीवशातल्या स्त्रिया तिथून दरबार बघत, गाणं ऐकत. याच संस्थानात पुढे उस्ताद फैयाज खाँसाहेब दरबारी गवई होते, आणि सयाजीरावांच्या पहिल्या पत्नी, तंजावरच्या मोहित्यांच्या घरातल्या चिमणाबाई, यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि वादक बडोद्याला आले. गुजरातच्या मधोमध, मराठी राजाच्या पदरी, तमिळ नाच. बडोदा हे असंच आहे.

राजवाडा कोसळेल या भीतीने त्याच्या वास्तुकाराने जीव दिला, हे खरं का?

ही गोष्ट प्रत्येक गाईड सांगतो, आणि सांगताना आवाज खाली घेतो. कागदावर पक्कं आहे ते एवढं : राजवाड्याचा आराखडा करणारे मेजर चार्ल्स मँट हे ब्रिटिश लष्करातले अभियंते. राजवाड्याचं काम १८८० च्या सुमाराला सुरू झालं आणि १८८१ मध्ये मँट वारले. त्यांचं वय फार नव्हतं. शेवटच्या दिवसांत त्यांचं मन बिघडलं होतं आणि आपल्या इमारतींची गणितं चुकली, त्या पडणार, असं त्यांना वाटू लागलं होतं, अशी आठवण मागे राहिली आहे. उरलेलं काम रॉबर्ट चिझम यांनी १८९० मध्ये पुरं केलं. राजवाडा आजही ठणठणीत उभा आहे. मँटांनीच आराखडा केलेला कोल्हापूरचा नवा राजवाडाही तसाच उभा आहे. कोल्हापूरकरांनी दोन्ही इमारती मनात शेजारी ठेवून बघाव्यात. घुमट, मनोरे, कमानी एकमेकांत मिसळायची हौस दोन्हीकडे तीच.

बकिंगहॅम राजवाड्याच्या चौपट मोठा आहे म्हणे?

म्हणतात खरं. पण मोजलं काय, इमारत, मजले की सगळं आवार, हे सांगणारा कुणी भेटत नाही. आवार मूळ सुमारे ७०० एकरांचं होतं असं सांगतात, आणि आज त्याचा काही भाग शहरात विरघळलाय. गोल्फचं मैदान आहे, मोतीबागेचं क्रिकेटचं मैदान आहे, झाडी आहे, मोर आहेत, वानरांची टोळकी आहेत. बागेची आखणी विल्यम गोल्डरिंग या इंग्रज बागतज्ज्ञाची. तुलना न करताही हे पुरेसं आहे.

मोत्यांचा गालिचा आणि हिरे बघायला मिळतात का?

नाही. सयाजीरावांच्या आधीच्या खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास मोत्यांचा जो गालिचा करवून घेतला होता, तो मदिनेला अर्पण करण्यासाठी होता असं मानतात. तो तिथे पोहोचला नाही. २००९ मध्ये दोह्याच्या लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरना विकला गेला. ‘दक्षिणेचा तारा’ या नावाने गाजलेला हिराही एकेकाळी खंडेरावांकडे होता, आता बडोद्यात नाही. जवाहिरासाठी येत असाल तर नुकसानीत जाल.

सयाजीराव नाशिक जिल्ह्यातले ना? मग इकडे कसे?

नाशिककर हा प्रश्न अभिमानाने विचारतात, आणि विचारावाच. ११ मार्च १८६३ ला मालेगावजवळच्या कवळाणे गावी जन्मलेला गोपाळराव, गायकवाडांच्या दूरच्या शाखेतल्या शेतकरी घरचा मुलगा. इकडे बडोद्यात मल्हारराव गायकवाडांवर ब्रिटिश रेसिडेंटला विष घालण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप झाला. चौकशी मंडळाचं एकमत झालं नाही, तरी इंग्रजांनी १८७५ मध्ये त्यांना गादीवरून उतरवलं. खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची मुभा मिळाली. कवळाण्याहून मुलं बोलावली. ‘कशासाठी आलास?’ असं विचारल्यावर गोपाळ म्हणाला, ‘राज्य करायला.’ अशी आख्यायिका आहे. २७ मे १८७५ ला दत्तविधान झालं आणि गोपाळरावाचे सयाजीराव झाले.

तेव्हा त्यांचं वय बारा, अक्षरओळख जेमतेम. त्यांना शिकवायला इलियट नावाचा इंग्रज शिक्षक नेमला. याच सयाजीरावांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९१३ मध्ये तरुण भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली. राजवाड्यात हिंडताना हे डोक्यात असलं की झुंबरं थोडी मागे सरतात. शाळेच्या इमारतीत संग्रहालय आहे, हेही मग शोभून दिसतं.

फोटो काढू देतात का?

बाहेर हवे तेवढे, आत नाही. रखवालदार ठाम असतात आणि वाद घालून उपयोग होत नाही. राजवाड्याचा सगळा दर्शनी भाग एका फोटोत घ्यायचा असेल तर हिरवळीवरून बरंच मागे जावं लागतं.

मुलं कंटाळतील का?

संग्रहालयात मोठी माणसं तासभर रेंगाळली तर कंटाळतीलच. त्यांना चित्रांत काय शोधायचं ते आधी सांगून ठेवा : कंसाच्या हातून निसटणारी माया कुठे आहे, मत्स्यगंधेच्या होडीत कोण बसलंय. राजवाड्यात शस्त्रं आणि बाहेर वानरं, एवढं पुरतं. वानरांपुढे खाऊची पिशवी उघडू नका.

पूर्वी या आवारात राजपुत्रांसाठी छोटी आगगाडी होती, रूळ टाकलेली, धूर सोडणारी. पुढे ती कमाटीबागेत, म्हणजे सयाजीबागेत, गावातल्या पोरांसाठी आली. सत्तरीच्या कुठल्याही बडोदेकराला विचारा, तो तिच्यात बसलेला असतो. नंतर बागेत नवी छोटी गाडी आली.

आई-वडील सत्तरीपुढचे आहेत. जमेल का?

चालणं बरंच आहे आणि पायऱ्याही आहेत. संग्रहालय त्या मानाने सोपं. दोन्ही एका दिवशी झेपणार नसेल तर त्यांच्यासाठी संग्रहालय ठेवा आणि राजवाडा बाहेरून दाखवा. चपला सैल घाला, पाणी जवळ असू द्या.

मराठी चालते का?

तुम्ही बोलून तर बघा. रखवालदारापासून शेजारी उभ्या काकूंपर्यंत कुणीतरी मराठीत उत्तर देतंच. आमची मराठी ऐकून पुणेकर हसतात, त्यात गुजराती बरीच शिरलीय, पण रावपुरा, दांडिया बाजारात पिढ्यान्‌पिढ्या तीच बोलली जाते. २०१८ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात झालं.

कुठल्या महिन्यात यावं? सणाच्या दिवशी?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मे मध्ये दुपारी आवारात फिरणं म्हणजे शिक्षा. पावसाळ्यात हिरवळ फार सुंदर, पण विश्वामित्रीला पूर आला की शहराचे रस्ते बंद होतात. त्या नदीत मगरी आहेत, ही थाप नाही.

गणपतीत आलात तर राजघराण्याचा गणपती दरबार हॉलमध्ये बसतो आणि गावातले लोक दर्शनाला जातात. राजवाडा खऱ्या अर्थाने गावाचा वाटतो तो त्या दिवसांत. शांतपणे दालनं बघायची असतील तर मात्र तो आठवडा टाळा. नवरात्रात आवारात गरबा असतो आणि रात्री रहदारी तुंबते.

आवारातली नवलखी वाव बघता येते का?

पंधराव्या शतकातली ही पायऱ्यांची विहीर राजवाड्याहून कितीतरी जुनी. पण आवार खासगी आहे, नेहमीच्या तिकिटात ती येत नाही. परवानगी मिळाली तर सोडू नका. ‘नवलखी’ म्हणून रिक्षावाल्याने तुम्हाला गणपती विसर्जनाच्या मैदानावर सोडलं तर गोंधळू नका, नाव तेच आहे.

जेवायचं कुठे?

राजवाड्याच्या भागात जेवण महाग पडतं. रावपुऱ्याकडे या. सेव-उसळ हे आमचं, मिसळीशी तुलना करू नका, भांडणं होतात. लिलो चेवडो, म्हणजे इथला ओलसर चिवडा, आणि भाकरवडी घरी न्यायला घ्या. इथली भाकरवडी पुण्याच्या आधीची की नंतरची, यावरही आम्ही तासभर वाद घालू शकतो.

दुपारी वेळ उरला तर आणखी काय?

एकच जागा निवडायची तर रावपुऱ्यातला तांबेकर वाडा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा वाडा, लाकडी, अनेक मजली, आणि आतल्या भिंती वरपासून खालपर्यंत रंगवलेल्या. कृष्णलीला आहेत, इंग्रज-मराठ्यांची लढाई आहे. पुरातत्त्व खात्याकडे आहे. राजवाड्याच्या रांगेतल्या गर्दीतून दहा टक्के माणसंही इथे येत नाहीत. लक्ष्मी विलासमध्ये मराठी सरदार युरोपकडे बघत होता. त्याच्या आधीची पिढी कशी राहत होती ते इथे कळतं, म्हणून दोन्ही एका दिवशी बघण्यात मौज आहे.

त्यानंतरही पाय चालत असतील तर कीर्तिमंदिर. गायकवाड घराण्याचं हे स्मृतिस्थळ, आत नंदलाल बोस यांनी रंगवलेल्या भिंती आहेत. सयाजीबागेतलं बडोदा संग्रहालय वेगळं, ते सयाजीरावांनी १८९४ मध्ये लोकांसाठी उघडलं. तिथे मिसरची ममी आणि निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. नावांच्या गोंधळात पाहुणे हमखास चुकीच्या संग्रहालयात पोहोचतात. रविवर्म्यासाठी आला असाल तर रिक्षावाल्याला ‘पॅलेसमधलं फतेसिंह म्युझियम’ असं पूर्ण सांगा.